कोथरूडमधला १९८८ चा फ्लॅट, पाइप-वायरिंग-गच्ची सगळं मूळचंच आहे. घ्यावा का?

भाड्याचं_घर

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी, सध्या वारज्यात भाड्याने राहतो. दीड वर्ष घर शोधतोय आणि आता खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. बजेटमध्ये नवीन टू बीएचके मिळतात पण ते इतके लांब की मुलीची शाळा बदलावी लागेल आणि नवऱ्याचा रोजचा दीड तास रस्त्यात जाईल. मागच्या महिन्यात कोथरूडमध्ये एक रीसेल बघितला. तीन मजली बिल्डिंग, खाली पार्किंग, लिफ्ट नाही, एकूण १२ फ्लॅट, कम्प्लीशन १९८८ चं. आपला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर म्हणजे वर थेट गच्ची. कार्पेट ६४० स्क्वेअर फूट. ९२ लाख सांगतायत, एजंट म्हणतो ८८ ला बसेल.

विकणारे आजी-आजोबा आहेत, मुलाकडे राहायला जायचंय म्हणून विकतायत. घर स्वच्छ, उजेड मस्त, खिडकीतून आंब्याचं झाड दिसतं. पण १९८८ पासून घरात काहीच बदललेलं नाही. किचनच्या नळाला करंगळीएवढी धार. मेन स्विचजवळ ते पांढरे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, बटणं काळी. मागच्या डक्टमध्ये ड्रेनेजच्या पाइपाजवळ चांगला हातभर पिंपळ उगवलाय. आणि बेडरूमच्या छताच्या एकाच कोपऱ्यात नवीन रंग मारलाय, बाकी छत जुनंच पिवळट. एजंटला विचारलं तर म्हणे "पेंटरने सॅम्पल मारून बघितलं असेल."

एजंटचं पालुपद एकच, "ताई तुम्ही पाइपांची कशाला काळजी करता, दोन-तीन वर्षांत बिल्डिंग रीडेव्हलपमेंटलाच जाणार, फुकटात नवीन मोठा फ्लॅट मिळेल." सासरे म्हणतात जुनी बांधकामं दणकट असतात, हल्लीच्यासारखी नाहीत. नवरा म्हणतो पाच लाख टाकून सगळं नवीन करून घेऊ. मला एकटीलाच धाकधूक होतेय. ज्यांनी असं जुनं घर घेतलंय त्यांनी प्लीज सांगा, काय बघायचं आणि कुणाला दाखवायचं?

पाना_पकड

ताई तुमच्या नवऱ्याने जे ठरवलंय ना तेच मी २०१९ मध्ये केलं, सहकारनगरला, बिल्डिंग ८५ ची. पाच लाख बाजूला काढले, दोन्ही बाथरूम फोडले, आतले सगळे जीआय म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचे टाकले, भारीतल्या टाइल्स, डायव्हर्टर, काचेचं पार्टिशन, एकदम हॉटेल. आणि शॉवर सोडला तर धार तीच, आजोबांच्या काळातली. कारण आतले पाइप बदलले तरी गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा डाऊनटेक तोच जुना जीआय होता ना, आतून गंजून गंजून दीड इंची पाइपाचं भोक बोटाएवढं उरलेलं. तो सोसायटीचा, तो मी एकटा कसा बदलणार. मीटिंगमध्ये विषय काढला तर पहिल्या मजल्यावरचे म्हणाले आम्हाला तर प्रेशर छान आहे. असणारच, ते खाली राहतात.

बरं पुढे ऐका. आठ महिन्यांनी खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली. प्लंबरला बोलावलं तर तो म्हणाला साहेब तुम्ही टाइल्स बदलल्या, पण खालचा संक उघडला का? नव्हता उघडला, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता वरच्यावर केमिकल मारतो, पुरेसं आहे. संक म्हणजे जुन्या बाथरूममध्ये स्लॅब खाली घेतलेला असतो तो खड्डा, त्यात विटांचे तुकडे भरून वर कोबा. मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपचा जॉइंट निसटला की ते पाणी त्या विटांमध्ये मुरत राहतं, वर तुम्हाला काही कळत नाही, खालच्याच्या डोक्यावर थेंब पडायला लागतात तेव्हा कळतं. म्हणून हॉटेलसारखं बाथरूम पुन्हा फोडलं. तेव्हा बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, टाइल्स तिने निवडल्या होत्या.

तर तुम्ही हे करा. सकाळी साडेसहा-सातला जा, पाणी यायच्या आधी रात्रभर बंद असलेला नळ सोडा, पहिलं पाणी पांढऱ्या मगमध्ये धरा. तांबूस आलं तर जीआय संपलाय. आणि फ्लॅट बघायच्या आधी खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवा, त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्या म्हणावं. वरच्याच्या प्लंबिंगबद्दल खालचा माणूस कधी खोटं बोलत नाही.

सिमेंट_वाळू_खडी

मी स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात बरीच वर्षं काम करतो, त्यामुळे जरा रटाळ लिहिणार.

सासऱ्यांचं म्हणणं आदराने बाजूला ठेवा. ८८ साली आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) एम१५ चं काँक्रीट सर्रास चालायचं, आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट ताकदवान. २००० साली आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक बदललं तेव्हा किमान एम२० झालं. सळई तेव्हा पिळाची, ज्याला आपण टॉर म्हणायचो, ती गंजायला जरा जास्तच तयार असते. स्लॅबच्या सळईवर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, कागदावर १५ एमएम, प्रत्यक्षात मिस्त्रीच्या मर्जीने. चांगलं काम झालेल्या जुन्या बिल्डिंगी आहेत, मी बघितल्यात, पण वय बघून दणकट म्हणता येत नाही.

आत काय होतं ते समजून घ्या म्हणजे काय बघायचं ते आपोआप कळेल. ताज्या काँक्रीटचा पीएच १२-१३ असतो, त्या अल्कलीमुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो आणि पीएच उतरत जातो, साधारण ९ च्या खाली गेला की सळईचं कवच गेलं. मग पाणी मिळालं की गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून फुगतो, आणि काँक्रीट सळईच्या रेषेत फुटतं. म्हणून छताला वेड्यावाकड्या बारीक केसासारख्या रेघा असतील तर मी फार घाबरत नाही, पण सळईच्या दिशेने सरळ जाणारी चीर आणि तिच्या कडेला तपकिरी डाग दिसला तर थांबा.

कुठे बघायचं? फ्लॅटमध्ये कमी, बाहेर जास्त. पार्किंगमधल्या कॉलमचे पाय, जमिनीपासून दोन-तीन फूट, तिथे गाड्या धुतात. संडास-बाथरूमच्या खाली येणारे बीम. जिन्याच्या वर आरसीसी टाकी असेल तर तिच्या खालचा स्लॅब. बाल्कनीची आणि छज्जाची कड. कुठे मधेच नवीन प्लास्टरचा चौकोन दिसला तर बोटाच्या पेराने ठोकून बघा, बद बद आवाज आला तर आत पोकळ आहे. तुमच्या बेडरूममधला तो रंगवलेला कोपरासुद्धा काठीने ठोकून बघा, आजोबांची परवानगी घेऊन.

गच्चीवर जाताना अजून एक. बऱ्याच ठिकाणी मूळ टाकी गळायला लागली की लोकांनी काळ्या प्लास्टिकच्या टाक्या आणून जागा मिळेल तिथे ठेवल्यात. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. ती टाकी कॉलम-बीमवर आहे की तुमच्या बेडरूमच्या स्लॅबच्या मधोमध हे बघा.

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या छापील नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला ५ वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे ३ वर्षांतून एकदा ऑडिट करायचं असतं. रिपोर्ट दिला तर शेवटचं पान वाचून सोडू नका, टेस्ट काय केल्यात ते बघा. नुसत्या फोटोंवर "बिल्डिंग सुस्थितीत" लिहिलेले दोन पानी रिपोर्ट मी भरपूर बघितलेत. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक (काँक्रीटची ताकद आणि आतली पोकळी बघायला), हाफ सेल (सळईचा गंज बघायला), आणि कार्बोनेशनची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड किती आत मुरलाय त्याची टेस्ट असायला हवी. ही शेवटची अगदी सोपी, काँक्रीट जरा खरवडून फिनॉल्फ्थॅलीन शिंपडतात, गुलाबी झालं तर ठीक, रंग आला नाही तर तिथपर्यंत कार्बोनेशन पोचलंय. दहावीच्या लॅबमधलं तेच.

खाली पार्किंग आणि वर तीन मजले याबद्दलही एक वाक्य. २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादला ज्या बिल्डिंगी बसल्या त्यात खाली मोकळं पार्किंग असलेल्या बऱ्याच होत्या. पुणे भूकंपाच्या झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात आहे. घाबरवत नाही, पण कॉलम जास्त मन लावून बघा एवढंच.

आणि पिंपळ. पिंपळाचं मूळ पाइपाच्या जॉइंटमध्ये पाणी शोधत जातं. वरचा हातभर दिसतोय म्हणजे आत किती असेल हे कापल्याशिवाय कळत नाही.

बायकोच्या_नावावर

एकच मुद्दा. एकट्या बाईच्या नावाने घेतलंत तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, पुण्यात ७ ऐवजी ६. ८८ लाखांवर ८८ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलंत की सूट गेली. रजिस्ट्रेशन ३० हजार ते वेगळंच. आणि बँक फार तर ८० टक्के देईल म्हणजे ७० लाख ४० हजार, तेही बँकेच्या व्हॅल्युअरने ८८ मान्य केले तर. जुन्या बिल्डिंगला व्हॅल्युएशन कमी येतं आणि उरलेलं आयुष्य बघून कर्जाची वर्षंही कमी करतात. व्यवहार पक्का करायच्या आधी बँकेत विचारा, टोकन दिल्यावर नाही.

भाड्याचं_घर

@बायकोच्या_नावावर बापरे हे माहीतच नव्हतं, नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला "बघ, मी आधीपासून तुझ्याच नावावर म्हणत होतो." नव्हता म्हणत.

@सिमेंट_वाळू_खडी दादा खूप धन्यवाद, रटाळ अजिबात नाही. वायरिंगबद्दल कोणी सांगेल का? दोन एसी आणि गीझर लावायचा विचार आहे.

तीन_फेज

वायरिंग अर्धवट बदलायचं नाही, घेतलं तर सगळंच. त्या काळचं वायरिंग दोन पंखे, चार ट्यूबलाइट, एक फ्रिज आणि एक इस्त्री एवढ्या हिशोबाचं. तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर एकटा १३ अँपिअर खातो. जुन्या वायरची प्लास्टिक कडक होऊन तडकलेली असते, बोर्ड उघडला की हातात तुकडे येतात.

आधी अर्थिंग आहे का बघा. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे मागे अर्थिंगची वायर आहे असं नाही, माझ्या मावशीकडे तीस वर्षं तिसरं भोक शोभेला होतं आणि वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या. इलेक्ट्रिशियनला घेऊन जा, मीटर लावून पाच मिनिटांत सांगेल. नवीन करताना लाइटला दीड, १६ अँपिअरच्या पॉइंटला अडीच, एसीला चार स्क्वेअर एमएम, प्रत्येक एसीला आणि गीझरला वेगळी लाइन, आणि वर ३० मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच. ती नसेल तर नवीन वायरिंगला काही अर्थ नाही, घरात लहान मुलगी आहे.

आणि खाली मीटररूममध्ये जाऊन या. बाराही मीटर एका लाकडी फळीवर आणि खालून येणारी मेन केबल जुनी असेल तर तुम्ही वर कितीही तांबं घाला. महावितरणकडे लोड वाढवून घ्यावा लागेल, ते होतं, पण केबल आणि पॅनल सोसायटीचं. तिथे परत बाकीचे अकरा जण आले.

माजी_सेक्रेटरी

वर सगळ्यांनी पाइप-सळई-वायर छान सांगितली. मी कोथरूडमधल्याच अशा एका सोसायटीचा नऊ वर्षं सेक्रेटरी होतो, शेवटी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सोडलं. तर मला कागदांबद्दल बोलू द्या.

फ्लॅटच्या आतलं सगळं पैशाने सुटतं. पाच लाख म्हणा, आठ म्हणा, सुटतं. पण टाकी, डाऊनटेक, ड्रेनेज, गच्ची, मेन केबल या सगळ्याला बारा सह्या लागतात, आणि त्या बारापैकी तीन घरं भाड्याने दिलेली, एक मालक अमेरिकेत, एकाचा वारसांचा वाद, आणि एक असा ज्याला प्रत्येक खर्च म्हणजे कमिटीने पैसे खाल्ले असंच वाटतं. तुम्ही बिल्डिंग तपासताय, ही माणसंही तपासा.

ती कशी तपासायची? मीटिंगचं मिनिट्सचं पुस्तक बघायला मागा, गेल्या पाच-सात वर्षांचं. तुम्ही सभासद नाही त्यामुळे हक्काने मिळणार नाही, पण आजोबा सभासद आहेत, त्यांना मागता येतं. कोणता विषय दरवर्षी येतोय आणि दरवर्षी पुढे ढकलला जातोय ते बघा.

दुसरं, फंड. सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा पैसा, उपविधीत किमान वर्षाला बांधकाम खर्चाच्या पाव टक्का आहे. बांधकाम खर्च! समजा ८८ साली फ्लॅटचा दीड लाख लावला, तर पाव टक्का म्हणजे वर्षाला ३७५ रुपये. बारा फ्लॅटचे साडेचार हजार. पस्तीस वर्षांचे दीड लाखाच्या थोडे वर, व्याज धरा वेगळं. यात आजच्या भावाने काय होतं सांगा, गच्चीचं वॉटरप्रूफिंगसुद्धा होत नाही. मेंटेनन्स कमी आहे म्हणून खूश होऊ नका, महिना आठशे-हजार मेंटेनन्स घेणाऱ्या सोसायटीत काहीच मेंटेन होत नसतं. बॅलन्सशीट मागा, एफडी किती आहेत बघा.

तिसरं, तुमचा वरचा मजला. उपविधीप्रमाणे गच्चीतून पावसाचं पाणी गळून वरच्या फ्लॅटचं छत किंवा प्लास्टर खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. हे छापून ठेवा, कारण खालचे लोक म्हणणार तुमची गच्ची, तुम्ही बघा. मी स्वतः हे वाक्य नऊ वर्षं ऐकलंय.

चौथं, रीडेव्हलपमेंट. आधी विचारा कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का. प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव आहे की अजून मूळ जागामालकाचं? नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय सरकारी कचेरीतून, करावं लागतं, होतं, पण कागद जमवायला कोणीतरी चपला झिजवाव्या लागतात. तोपर्यंत बिल्डर येतात, चहा पितात, आकडे सांगतात, जातात. सहकार कायद्याच्या कलम ७९ ए खालच्या २०१९ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची संमती पुरते, कागदावर. बारात सात. प्रत्यक्षात बाराव्याने कोर्टात जायची धमकी दिली की बिल्डर शेजारच्या बिल्डिंगीत जातो. आणि झालंच तर भाड्याने दोन-चार वर्षं तुम्ही परत बाहेर, ज्याचा कंटाळा येऊन तुम्ही हे घर घेताय. त्यामुळे किंमत ठरवताना रीडेव्हलपमेंट शून्य धरा.

जाता जाता, फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही. "बिल्डिंग फंडाला स्वखुशीने देणगी" असं कोणी म्हणालं तर गोड हसा.

गुलाबजाम_नको

सगळे मिळून बिचारीला घाबरवताय. आम्ही नवीन घेतलं, बावीस मजले, तीन वर्षांत बाथरूमला ओल, उन्हाळ्यात टँकर, आणि मेंटेनन्स साडेसहा हजार. वर लिफ्ट बंद पडली की सतराव्या मजल्यावर दूध घेऊन चढा. कोथरूडला निदान मंडईत चालत जाता येतं. स्वस्तात मिळत असेल तर घ्या ताई.

पाना_पकड

@गुलाबजाम_नको घेऊ नका असं कोणीच म्हटलं नाहीये हो. मी अजून त्याच घरात राहतो आणि आता डाऊनटेकही बदललाय, कोविडनंतर पहिल्या मजल्यावरच्यांचाच नळ बंद पडला तेव्हा एका मीटिंगमध्ये मंजूर झालं.

भाड्याचं_घर

अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. तुमच्या सगळ्यांच्या याद्या एका वहीत उतरवून घेतल्या आणि तीन वेळा जाऊन आलो.

पाणी तांबूस, मगमध्ये खाली चुरा बसला. खालच्या काकूंनी आत बोलावून चहा पण दिला आणि बाथरूमचं छत दाखवलं, एका बाजूला पोपडे आहेत पण ओल जुनी आहे म्हणाल्या. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडून लगेच बंद केला. पार्किंगमधले कॉलम मात्र चांगले निघाले, एक इंजिनिअर फी देऊन नेला होता, तो दोन तास फिरला, त्याचं म्हणणं सांगाडा ठीक आहे, एक छज्जा आणि टाकीखालचा स्लॅब दुरुस्त करायला हवा, पण पक्कं टेस्टशिवाय लिहून देणार नाही. ऑडिट कधीच झालेलं नाही. कन्व्हेयन्स नाही. एफडी एक लाख ९० हजार.

रंगवलेल्या कोपऱ्याचं आजोबांनीच सांगितलं, एजंट नसताना गेलो तेव्हा. म्हणाले "गेल्या पावसाळ्यात तिथे बादली ठेवायचो. रंग मीच लावला, त्याने सांगितलं म्हणून, पण मला काही बरं वाटेना." आजी आतून म्हणाल्या, मी तेव्हाच म्हटलं होतं.

आम्ही ८१ सांगितलेत, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आमच्या खर्चाने असं धरून. आजोबा मुलाशी बोलून सांगतो म्हणालेत, एजंट फोन उचलत नाहीये. बँकेचा व्हॅल्युअर पुढच्या आठवड्यात येणारे.

@माजी_सेक्रेटरी काका, आजोबांनी मिनिट्सचं पुस्तक मिळवून दिलं. सात वर्षांचं वाचलं. रीडेव्हलपमेंटचा उल्लेख दोनदा, दोन्ही वेळा "चर्चा झाली". दरवर्षी पुढे ढकललेला विषय म्हणजे डक्टमधला पिंपळ. २०१९ ला पहिल्यांदा आला तेव्हा तो "छोटे रोप" होता. चौघं म्हणतात कापा, तिघं म्हणतात पिंपळावर मुंजा असतो, आम्ही हात लावणार नाही, आणि दोघांचं म्हणणं आहे की तो ज्यांच्या खिडकीसमोर आहे त्यांनी खर्च करावा.

ती खिडकी आमचीच आहे म्हणे.

माजी_सेक्रेटरी

@भाड्याचं_घर ८१ वरून ८०.५ करा, पिंपळाचे पन्नास हजार.